श्वेत क्रूसारोहण

श्वेत क्रूसारोहण : विसाव्या शतकातील एक प्रसिद्ध तैलचित्र. रशियन साम्राज्यात जन्मलेला व पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झालेला ज्यू चित्रकार मार्क शागाल (७ जुलै १८८७–२८ मार्च १९८५) याने ते १९३८ मध्ये रंगविले. ते ‘व्हाइट क्रूसिफिक्शन’ या नावाने ओळखले जाते. कॅनव्हासवरील या चित्राचा आकार १५४·६ × १४० सेंमी. असून १९४६ पासून ते अमेरिकेतील शिकागोच्या ‘आर्ट इन्स्टिट्यूट’च्या संग्रहात आहे. ख्रिस्ती कलेतील सर्वांत पवित्र व सर्वांत रूढ असा विषय एका ज्यू चित्रकाराने आपल्या समाजावर कोसळलेल्या संकटाच्या अभिव्यक्तीसाठी योजावा, ही गोष्ट अपूर्व नसली, तरी तीतून निर्माण झालेली इतकी प्रभावी कलाकृती दुसरी क्वचितच आढळते. येशूच्या मरणयातनांचा प्रसंग हा येथे केवळ धर्मकथेतील प्रसंग राहत नाही. तो समकालीन इतिहासाचा साक्षीदार बनतो.

विषयाची परंपरा : येशूला क्रूसावर खिळल्याचा वृत्तांत बायबलच्या नव्या करारातील चारही शुभवर्तमानांत आला आहे. रोमन सुभेदार पिलात याच्या आज्ञेने येशूला जेरूसलेमबाहेर गुलगुथा या स्थळी क्रूसावर चढविण्यात आले. ‘यहुद्यांचा राजा’ असा लेख क्रूसावर लावण्यात आला होता व योहानाच्या शुभवर्तमानानुसार तो हिब्रू, लॅटिन व ग्रीक या तीन भाषांत होता. आरंभीच्या ख्रिस्ती कलेत हा प्रसंग फारसा चित्रित होत नसे. पुढे बायझंटिन परंपरेत शांत, भव्य असा ख्रिस्त रूढ झाला, तर उत्तर मध्ययुगात यूरोपमध्ये त्याच्या देहयातनांवर भर देण्याची प्रवृत्ती बळावली. माटीआस ग्र्यूनेव्हाल्टने १५१२–१६ च्या सुमारास ईझनहाइम येथील वेदीसाठी रंगविलेला, काट्यांनी विदीर्ण झालेला ख्रिस्त हा या प्रवृत्तीचा परमोत्कर्ष होय.

ज्यू समाजाच्या दृष्टीने मात्र या प्रतिमेला निराळाच इतिहास होता. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यू जातीवर लादण्याची कल्पना ख्रिस्ती जगतात शतकानुशतके प्रचलित होती व ज्यूंविरुद्धच्या दंगलींना तिचे सतत खतपाणी मिळत असे. त्यामुळे क्रूस ही ज्यूंच्या लेखी करुणेची नव्हे, तर भयाची खूण ठरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही ज्यू कलावंतांनी या परिस्थितीला कलेतून उत्तर देण्याचा प्रयत्न केला. रशियातील मूर्तिकार मार्क अंतोकोल्स्की याने लोकांसमोर बांधून उभ्या केलेल्या येशूचा पुतळा ज्यू रूपात घडविला (१८७३-७४). पोलंडमधील माउरित्सी गॉटलीप याने कपर्णहूम येथे उपदेश करणाऱ्या येशूला ज्यूंचे प्रार्थनावस्त्र पांघरलेले दाखविले; हे चित्र १८७९ मध्ये त्याच्या अकाली मृत्यूमुळे अपूर्ण राहिले. त्याच वर्षी माक्स लीबरमानने रंगविलेल्या, मंदिरातील बारा वर्षांच्या येशूच्या चित्रावर जर्मनीत इतकी टीका झाली, की येशूची आकृती त्याला पुन्हा रंगवावी लागली. येशू हा जन्माने व आचाराने ज्यू होता, या ऐतिहासिक सत्याचे स्मरण करून देणे हा या साऱ्या कलाकृतींचा समान हेतू होता. शागालचे चित्र या परंपरेत बसते. परंतु तो तिच्याही एक पाऊल पुढे जातो.

चित्रकाराची पार्श्वभूमी : शागालचा जन्म सध्याच्या बेलारूसमधील व्हीटेप्स्क परिसरात एका गरीब हसीदी कुटुंबात झाला. त्याचे वडील हेरिंग माशांच्या वखारीत काम करीत. काटेकोर ज्यू आचारधर्म, लाकडी घरांची वस्ती, प्रार्थनामंदिर आणि शेजारची रशियन चर्चे व त्यांतील आयकॉन प्रतिमाचित्रे, या सर्वांचे ठसे त्याच्या मनावर आयुष्यभर राहिले. सेंट पीटर्झबर्ग येथे कलाशिक्षण घेऊन तो १९१० मध्ये पॅरिसला आला. तेथे ⟶ घनवादाचा व फॉव्ह चित्रकारांच्या उत्कट रंगयोजनेचा त्याने अभ्यास केला; परंतु कोणत्याही एका संप्रदायात तो विलीन झाला नाही. १९१४ मध्ये तो मायदेशी परतला. क्रांतीनंतर व्हीटेप्स्क येथे कलाविभागाचा आयुक्त म्हणून त्याने काम केले व कलाविद्यालय स्थापिले. मात्र तेथील मतभेदांमुळे तो मॉस्कोस गेला व १९२२ मध्ये त्याने रशिया कायमचा सोडला. १९२३ पासून त्याचे वास्तव्य पुन्हा पॅरिसमध्ये होते. प्रकाशक आंब्र्वाझ व्हॉलार याने १९३० च्या सुमारास त्याच्याकडे बायबलवरील अम्लरेखनांचे काम सोपविले. या कामाच्या पूर्वतयारीसाठी त्याने १९३१ मध्ये पॅलेस्टाइनचा प्रवास केला. जुन्या करारातील कुलपुरुष, संदेष्टे व निर्वासन यांच्याशी कित्येक वर्षे चाललेला हा संवाद श्वेत क्रूसारोहणाच्या मुळाशी आहे.

क्रूसाचा विषय त्याने पूर्वीही हाताळला होता. १९१२ मध्ये रंगविलेल्या ‘गॉल्गोथा’ या मोठ्या चित्रात क्रूसावरील ख्रिस्त हा एक निळसर बालक आहे. १९१३ मध्ये बर्लिन येथे प्रदर्शित झालेले हे चित्र आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. तेथे क्रूस ही एका तरुण कलावंताची खाजगी, काव्यमय प्रतिमा होती. १९३८ मध्ये ती एका संपूर्ण समाजाची प्रतिमा झाली.

ऐतिहासिक संदर्भ : जर्मनीत १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर ज्यूंचे नागरी हक्क क्रमाक्रमाने हिरावून घेण्यात आले. आधुनिक कलाही सत्ताधाऱ्यांच्या रोषास पात्र ठरली. जर्मन संग्रहालयांतील शागालची चित्रे काढून घेण्यात आली आणि १९३७ मध्ये म्यूनिक येथे भरविलेल्या ‘अवनत कला’ या कुप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांपैकी काही उपहासार्थ मांडण्यात आली. तत्पूर्वी, १९३५ मध्ये शागालने व्हिल्ना व पोलंडचा दौरा केला होता. तेथील ज्यूंच्या वाढत्या असुरक्षिततेचा अनुभव त्याने प्रत्यक्ष घेतला. १९३८ च्या जूनमध्ये म्यूनिकचे व ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गचे मुख्य सिनॅगॉग पाडण्यात आले. जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे बत्तीस राष्ट्रांची परिषद निर्वासितांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भरली. परंतु सहानुभूतीचे उद्गार काढण्यापलीकडे बहुतेक राष्ट्रे गेली नाहीत. ९ व १० नोव्हेंबरच्या रात्री जर्मनी व ऑस्ट्रियामध्ये हजाराहून अधिक सिनॅगॉगांना आगी लावण्यात आल्या, ज्यूंची दुकाने फोडण्यात आली व सु. तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. रस्त्यांवर पसरलेल्या काचांमुळे ही रात्र ‘क्रिस्टालनाख्ट’ या नावाने ओळखली जाते. श्वेत क्रूसारोहणाकडे या अत्याचारांना दिलेली प्रतिक्रिया म्हणून पाहिले जाते. मात्र ते या एकाच रात्रीचे चित्रण नव्हे. त्या संपूर्ण वर्षातील व रशियातील पूर्वीच्या ज्यूविरोधी दंगलींतील अनुभव त्यात एकवटले आहेत.

चित्ररचना : चित्राच्या मध्यभागी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा मोठा क्रूस आहे. वरून येणारा पांढऱ्या प्रकाशाचा तिरपा झोत त्याच्यावर पडला आहे. क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे मिटलेले व मस्तक खांद्याकडे कललेले आहे. मुखावर वेदनेपेक्षा शांतीच अधिक जाणवते. कमरेभोवती रूढ वस्त्राऐवजी काळ्या पट्ट्यांचे ‘तालिथ’ हे ज्यूंचे प्रार्थनावस्त्र गुंडाळलेले आहे व डोक्यावर काटेरी मुकुटाच्या जागी साधे कापड आहे. शिरोभागी लॅटिनमधील परंपरागत आद्याक्षरे असून त्यांच्याखाली तोच मजकूर अरेमाइक भाषेत, हिब्रू लिपीत, पूर्णपणे लिहिला आहे. पायाशी तेवत्या मेणबत्त्यांचा दीपवृक्ष असून त्याच्याभोवतीचे तेजोवलय ख्रिस्ताच्या मस्तकाभोवतीच्या प्रभावलयाशी नाते सांगते. क्रूसाला एक शिडी टेकलेली आहे.

मध्यवर्ती आकृतीभोवती छोटी छोटी दृश्ये विखुरलेली आहेत. वरच्या भागात, परंपरेने जेथे शोकाकुल देवदूत असावयाचे, तेथे जुन्या करारातील तीन कुलपुरुष व एक कुलमाता विलाप करीत तरंगत आहेत. डावीकडे लाल निशाणे घेतलेली सैनिकांची तुकडी टेकडीवरून चाल करून येत आहे. खाली खेड्यातील घरे जळत असून काही उलटीपालटी झाली आहेत. जवळच निर्वासितांनी भरलेली एक नाव पाण्यावर अडकल्यासारखी दिसते. उजवीकडे सिनॅगॉगला आग लागली आहे. गणवेशधारी इसम तेथे विध्वंस करीत आहे व खुर्ची, ग्रंथ इ. वस्तू बाहेर फेकल्या गेल्या आहेत. खालच्या भागात माणसे चित्राच्या चौकटीबाहेर पळू पाहतात. त्यांपैकी एकाने तोराची गुंडाळी छातीशी धरली आहे, तर दुसऱ्याच्या गळ्यात पाटी अडकविलेली आहे. अगदी तळाशी एक माता बालकाला कवटाळून पळते आहे. उजव्या कोपऱ्यात हिरव्या अंगरख्यातील, पाठीवर गाठोडे घेतलेला एक वृद्ध जळत्या तोराच्या गुंडाळीजवळून निघून चालला आहे. तीतून पांढऱ्या ज्वाला उसळत आहेत.

या मांडणीत ⟶ यथादर्शनाचे नियम पाळलेले नाहीत. आकृतींचे आकारमान अंतरावर नव्हे, तर महत्त्वावर अवलंबून आहे. रशियन आयकॉनांच्या एका प्रकारात मध्यभागी संताची मोठी प्रतिमा व सभोवती त्याच्या जीवनातील छोटे प्रसंग असतात. त्या रचनाबंधाचा येथे स्पष्ट आधार घेतलेला दिसतो. फरक असा, की येथील भोवतालचे प्रसंग संताच्या चरित्रातील नसून चित्रकाराच्या समकालीनांच्या आयुष्यातील आहेत. ते एका क्रमाने वाचावे लागत नाहीत. प्रेक्षकाची दृष्टी कोठूनही सुरू झाली, तरी शेवटी मध्यभागीच स्थिरावते. रंगसंगती मुख्यत्वे पांढऱ्या, करड्या व हस्तिदंती छटांची असून ज्वालांचा तांबडा-पिवळा आणि वृद्धाच्या अंगरख्याचा हिरवा हे मोजकेच रंग उठून दिसतात. एरवी रंगांच्या उधळणीबद्दल ख्यातनाम असलेल्या शागालने येथे जो संयम पाळला आहे, त्यामुळे चित्राला राखेची व बर्फाची आठवण करून देणारे गांभीर्य प्राप्त झाले आहे.

प्रतिमांचा अर्थ : चित्रातील प्रत्येक बदल हेतुपूर्वक केलेला आहे. प्रार्थनावस्त्र व अरेमाइक लेख यांमुळे क्रूसावरील व्यक्ती ज्यू असल्याचे निःसंदिग्ध होते. परंपरागत चित्रांत क्रूसाभोवती रोमन सैनिक, मरीया व योहान असतात. येथे सैनिकांची जागा विसाव्या शतकातील जाळपोळ करणाऱ्यांनी घेतली आहे. पायाशी मात्र शोक करावयास कोणीच नाही, कारण जे शोक करू शकले असते, तेच जीव वाचवून पळत आहेत. क्रूसाखालचे हे रितेपण चित्रातील बहुधा सर्वांत मर्मभेदक घटक होय. क्रूसावरील पुरुषाकडे कोणीही पाहत नाही व त्यालाही कोणाचे रक्षण करता येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार या मृत्यूतून जगाचा उद्धार होतो. शागालच्या चित्रात मृत्यू आहे, यातना आहेत. पण उद्धाराची ग्वाही नाही. प्रकाशाचा झोत व तेवता दीपवृक्ष एवढाच काय तो आशेचा अंश त्यात उरला आहे.

शिडीची प्रतिमा द्व्यर्थी आहे. क्रूसावरून देह उतरविण्याच्या परंपरागत चित्रांत ती असतेच. शिवाय याकोबाला स्वप्नात दिसलेल्या, पृथ्वी व स्वर्ग जोडणाऱ्या शिडीचेही ती स्मरण करून देते. गाठोडेवाला वृद्ध म्हणजे मध्ययुगीन दंतकथेतील ‘भटका ज्यू’ होय. येशूचा अपमान केल्यामुळे त्याला अखंड भटकण्याचा शाप मिळाला, अशी ती ज्यूद्वेष्टी कथा. शागालने हा शापित पुरुष घराबाहेर काढलेल्या साध्या माणसाच्या रूपात रंगविला आणि कथेचा रोख उलटविला. त्याच्या पूर्वीच्या व्हीटेप्स्कच्या चित्रांत हाच पुरुष छपरांवरून तरंगत जाताना दिसतो. काही अभ्यासक त्यात संदेष्टा एलीयाचे रूपही पाहतात. लाल निशाणांच्या तुकडीविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते ते मुक्तिदाते सैन्य आहे, तर काहींच्या मते यादवी युद्धाच्या काळात ज्यू वस्त्यांनी अनुभवलेल्या लुटालुटीचा तो निर्देश आहे. क्रांतीकडून एकेकाळी मोठ्या आशा बाळगून पुढे निराश झालेल्या कलावंताच्या मनातील द्वंद्व पाहता ही संदिग्धता स्वाभाविकच म्हणावी लागेल.

चित्रात नंतर केलेले बदल : चित्राच्या मूळ अवस्थेत सिनॅगॉग जाळणाऱ्या इसमाच्या दंडावरील पट्टीवर स्वस्तिकचिन्ह होते व डावीकडील माणसाच्या गळ्यातील पाटीवर ‘मी ज्यू आहे’ या अर्थाची जर्मन अक्षरे होती. शागालने ही दोन्ही पुढे रंगाने झाकली. फ्रान्सवर युद्धाचे सावट असताना चित्र व चित्रकार या दोहोंच्या सुरक्षिततेसाठी त्याने हे केले असावे, असा तर्क केला जातो. या बदलांमुळे चित्र एका विशिष्ट राजवटीपुरते मर्यादित राहिले नाही, हे खरे. परंतु पुसलेली पाटी हीदेखील त्या काळातील भयाचा एक पुरावाच आहे.

नंतरची चित्रे : जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यानंतर शागाल १९४१ मध्ये कुटुंबासह अमेरिकेस गेला. निर्वासनाच्या काळात क्रूसाचा विषय त्याच्या चित्रांत वारंवार येऊ लागला. ‘हुतात्मा’ (१९४०) या चित्रात क्रूसाऐवजी खांबाला बांधलेला ज्यू पुरुष आहे. क्रूसावरून देह उतरविण्याच्या १९४१ मधील चित्रात शिरोलेखाच्या जागी त्याने स्वतःच्याच नावाची अक्षरे लिहिली. ‘पीत क्रूसारोहण’ (१९४२-४३) या चित्रात ख्रिस्ताच्या कपाळावर व दंडावर ज्यूंची ‘तेफिलीन’ ही प्रार्थनाचिन्हे असून शेजारी तोराची उलगडलेली गुंडाळी व बुडते जहाज दिसते. फेब्रुवारी १९४२ मध्ये काळ्या समुद्रात बुडालेल्या व सातशेहून अधिक ज्यू निर्वासितांना जलसमाधी देणाऱ्या ‘स्ट्रुमा’ या जहाजाशी त्याचा संबंध जोडला जातो. १९४५ मधील एका लहान चित्रात क्रूसावरील नग्न ज्यूसमोर नाझी सैनिक उभा आहे. तेथे पूर्वीची सावध सूचकता राहिलेली नाही. युद्धानंतर १९४८ मध्ये तो फ्रान्सला परतला. पुढे त्याने सिनॅगॉग व चर्च या दोहोंसाठी चित्रकाचा केल्या. जेरूसलेमच्या हदासा रुग्णालयातील सिनॅगॉगसाठी केलेल्या बारा खिडक्या (१९६२) व झुरिकच्या फ्राउम्यून्स्टर चर्चमधील खिडक्या (१९७०) ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत.

अन्य आधुनिक चित्रकार : क्रूसारोहणाच्या विषयाने आधुनिक चित्रकारांना सातत्याने आकर्षित केले. जर्मन ⟶ अभिव्यक्तिवादी एमील नोल्डे याने ‘ख्रिस्ताचे जीवन’ ही नऊ भागांची चित्रमालिका १९११-१२ मध्ये रंगविली. नोल्डे स्वतः नाझी विचारांचा समर्थक असूनही त्याची ही मालिका १९३७ च्या म्यूनिक प्रदर्शनात ‘अवनत’ म्हणून मांडण्यात आली. एकाच प्रदर्शनात शागाल व नोल्डे यांची चित्रे असावीत, हा इतिहासातील विलक्षण विपर्यास होय. पिकासोने १९३० मध्ये रंगविलेल्या छोट्या क्रूसारोहणात मोडतोड केलेल्या आकृती व भडक रंग असून श्रद्धेपेक्षा हिंसेचेच प्रत्यंतर येते. फ्रान्सिस बेकनच्या १९४४ मधील त्रिदल चित्रात तर क्रूस नाहीच. त्याच्या पायथ्याशी असलेल्या विकृत, किंचाळणाऱ्या आकृतीच तेवढ्या उरल्या आहेत.

भारतीय चित्रकारांपैकी गोव्यात सालिगांव येथे जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) याने हा विषय पुनःपुन्हा हाताळला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्याने शिक्षण घेतले व १९४७ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’च्या स्थापनेत पुढाकार घेतला, १९४९ मध्ये तो लंडनला गेला. लंडनच्या टेट संग्रहालयातील त्याच्या ‘क्रूसारोहण’ (१९५९) या चित्रात ख्रिस्ताची काळी, काटेरी रेषांनी बांधलेली आकृती आहे. बालपणी गोव्यातील चर्चमध्ये पाहिलेल्या रक्तबंबाळ मूर्तींचा ठसा तीत उमटला आहे. शागाल क्रूसाकडे बाहेरून आला, तर सूझा कॅथलिक संस्कारांत वाढून त्याच्याशी आतून झगडला. त्यामुळे शागालच्या ख्रिस्तात करुणा, तर सूझाच्या ख्रिस्तात क्षोभ प्रकर्षाने जाणवतो. दोघांनीही यूरोपीय गौरवर्णी ख्रिस्ताची रूढ प्रतिमा नाकारली, हे मात्र त्यांच्यातील साम्य होय.

मूल्यमापन : श्वेत क्रूसारोहणावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेण्यात आले. ज्या खुणेच्या नावाखाली ज्यूंचा छळ झाला, तीच खूण त्यांच्या दुःखाचे प्रतीक म्हणून वापरणे काही ज्यूंना रुचले नाही. उलट, हे चित्र सर्व मानवजातीच्या यातनांचे प्रतीक असल्याचे सांगताना काही ख्रिस्ती भाष्यकारांकडून त्यातील विशिष्ट ज्यू आशय झाकला जातो, अशीही टीका झाली. हे दोन्ही आक्षेप चित्राच्या मर्माकडेच निर्देश करतात. शागालला ख्रिस्ती यूरोपशी त्याच्याच प्रतिमाभाषेत बोलावयाचे होते : ज्याची तुम्ही पूजा करता, त्याच्याच बांधवांची घरे तुमच्या डोळ्यांदेखत जळत आहेत, हे त्याला दाखवून द्यावयाचे होते. १९३८ मध्ये हे निवेदन ऐकले गेले नाही. येशूच्या मृत्यूसाठी सर्व ज्यूंना दोषी धरता येत नाही, असे रोमन कॅथलिक चर्चने व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेत अधिकृतपणे जाहीर केले, ते १९६५ मध्ये, तोवर सु. साठ लक्ष ज्यूंचा संहार होऊन गेला होता. पोप फ्रान्सिस (१९३६–२०२५) यांचे हे आवडते चित्र होते व २०१५ मध्ये फ्लॉरेन्स येथे त्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले. धर्मप्रतिमा ही श्रद्धेची मिरास नसून इतिहासाला जाब विचारण्याचे साधनही होऊ शकते, हे आधुनिक कलेत ज्या थोड्या कलाकृतींनी सिद्ध केले, त्यांत श्वेत क्रूसारोहणाचे स्थान अग्रभागी आहे.